घटस्फोटाच्या दाव्याचा खर्च : कोर्ट फी, तारखा आणि कायद्याने दिलेल्या सवलती

घटस्फोटाच्या दाव्यात दोन प्रकारचा पैसा लागतो. एक शासनाचा, म्हणजे अर्जावर लावायची कोर्ट फी. दुसरा त्या दाव्याभोवतीचा : वकिलाची फी, टायपिंग आणि झेरॉक्स, नकला, एसटीचे भाडे, आणि तारखेच्या दिवशी बुडालेली मजुरी. धाराशिव जिल्ह्यात बोलताना या दोन्हींना मिळून ‘कोर्टाचा खर्च’ असेच म्हटले जाते. त्या एका शब्दाच्या धास्तीने कित्येक स्त्रिया ना नांदत ना सुटत अशा अवस्थेत माहेरी वर्षे काढतात. प्रत्यक्षात पहिला भाग अगदी लहान आहे, आणि महाराष्ट्रात स्त्रीने अर्ज केला तर तो मुळीच लागत नाही. माणसाला दमवतो तो दुसरा भाग. त्यातलाही बराचसा भार हलका करण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती मागावी लागते.

कोर्ट फी किती घ्यायची हे राज्याचा कायदा ठरवतो. महाराष्ट्रात तो १९५९ चा न्यायालय फी अधिनियम आहे. मराठवाड्यात त्याआधी हैदराबाद संस्थानाचा वेगळा फी कायदा चालत असे. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५९ च्या कायद्याने राज्यभर एकच पद्धत लागू झाली. या कायद्यात फी दोन तऱ्हेने आकारली जाते. पैशाचा किंवा मालमत्तेचा दावा असेल तर मागणी जितकी मोठी तितकी फी जास्त, आणि काही अर्जांना मात्र एक ठरावीक रक्कम. घटस्फोटाचा अर्ज दुसऱ्या तऱ्हेत मोडतो. नवऱ्याला किती एकर जमीन आहे किंवा बायकोचा पगार किती आहे यावर त्या अर्जाची फी ठरत नाही.

या बाबतीत एक गैरसमज २०१८ नंतर वाढला. त्या वर्षी जानेवारीत राज्याने कोर्ट फीचे दर वाढवले आणि कमाल मर्यादा ३ लाखांवरून १० लाख रुपयांवर नेली. लाखांतले हे आकडे मूल्यानुसार फी लागणाऱ्या दाव्यांचे आहेत. विवाह मोडण्याच्या अर्जाशी त्यांचा संबंध नाही. त्या अर्जाची ठरावीक फी त्या दिवशी किती आहे हे न्यायालयाच्या दाखल विभागात विचारून घेता येते. फीचे तक्ते अधूनमधून बदलत असल्याने जुन्या माहितीवर विसंबण्यापेक्षा ते बरे.

स्त्रियांना मिळणारी माफी १ ऑक्टोबर १९९४ च्या शासन अधिसूचनेतून आली. न्यायालय फी अधिनियमाच्या कलम ४६ प्रमाणे शासनाला फी कमी किंवा माफ करता येते. तो अधिकार वापरून राज्याने स्त्री पक्षकारांना चार विषयांत फी माफ केली : पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट. दिवाणी, कुटुंब किंवा फौजदारी, कोणत्याही न्यायालयात स्त्रीने या विषयांवर दावा, अर्ज किंवा अपील दाखल केले, तर कायद्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या अनुसूचीत सांगितलेली फी तिला द्यावी लागत नाही. माफीला उत्पन्नाची अट नाही. पगारदार शिक्षिका आणि शेतमजूर स्त्री, दोघींना ती सारखीच लागू आहे. इंग्लंडमध्ये घटस्फोटाच्या अर्जाला स्त्री असो वा पुरुष, सहाशे पौंडांच्या आसपास फी पडते, आणि सवलत हवी असेल तर तुटपुंजे उत्पन्न सिद्ध करावे लागते. त्या मानाने महाराष्ट्राची ही तरतूद फार उदार आहे. ती गावोगाव माहीत नाही, याचे वाईट वाटते. अर्जात फीच्या रकान्याजवळ ‘अर्जदार स्त्री असल्याने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनुसार फी माफ’ अशा अर्थाचे एक वाक्य लिहिले की काम भागते.

अर्जावरची फी सुटली तरी किरकोळ खर्च राहतातच. समोरच्याला समन्स पाठवण्यासाठी प्रोसेस फी किंवा टपालखर्च असतो. वकीलपत्रावर वकील कल्याण निधीचे तिकीट लागते. जोडकागदांच्या प्रती विरुद्ध पक्षासाठीही काढाव्या लागतात. समन्स बजावण्याचा टप्पा दिसतो साधा, पण पैसा इथेच जिरतो. नवरा पुण्यात किंवा मुंबईत कामाला, पत्ता अर्धवट, खोली बदललेली, असे झाले की समन्स ‘मिळून आला नाही’ या शेऱ्यासह परत येते, पुढची तारीख पडते आणि प्रोसेस पुन्हा भरावी लागते. शेवटी वर्तमानपत्रात जाहीर समन्स देण्याची पाळी आली तर त्या जाहिरातीचा खर्च बाकी सगळ्या किरकोळ खर्चाहून जास्त होतो. म्हणून दावा टाकण्याआधी समोरच्याचा राहता पत्ता, कामाच्या ठिकाणचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक खात्रीने मिळवलेला असावा. त्यासाठी घातलेले चार दिवस पुढचे कित्येक महिने वाचवतात.

शपथपत्राबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. न्यायालयात दाखल करायच्या शपथपत्राला स्टॅम्प पेपर लागतो असे समजून अनेक जण मुद्रांक विक्रेत्याच्या रांगेत उभे राहतात. राज्य शासनाने १ जुलै २००४ च्या आदेशाने न्यायालयात किंवा शासकीय कार्यालयात द्यायच्या शपथपत्रांवरचे मुद्रांक शुल्क माफ केले आहे. असे शपथपत्र साध्या कागदावर चालते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याने १०० रुपयांच्या मुद्रांकाची अनेक कामे ५०० रुपयांवर नेली. तेव्हापासून हा गैरसमज आणखी महाग पडू लागला आहे.

दावा कुठे टाकायचा यावर एकूण खर्च सर्वांत जास्त अवलंबून असतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १९ प्रमाणे लग्न जिथे लागले, प्रतिवादी जिथे राहतो किंवा दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले, त्या भागातल्या न्यायालयात अर्ज करता येतो. २००३ मध्ये त्यात मोलाची भर पडली : अर्ज करणारी पत्नी असेल तर ती सध्या राहते तिथल्या न्यायालयातही जाऊ शकते. म्हणजे लग्न लातूरला लागले, संसार पिंपरी-चिंचवडला झाला, आणि आता ती कळंबजवळच्या माहेरी आहे, तर तिला पिंपरीला खेटे घालण्याचे कारण नाही. कुटुंब न्यायालय असेल तिथे अर्ज त्या न्यायालयात जातो. नसेल तिथे तो दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतो. हिंदू विवाह कायदा हिंदूंबरोबर लिंगायत, बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. मुस्लिम स्त्रीसाठी १९३९ चा विवाह विच्छेदाचा कायदा आहे, आणि नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांसाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा. फीमाफीची अधिसूचना धर्म पाहत नाही.

धाराशिव जिल्हा लांबट पसरलेला आहे. परंडा आणि भूम पश्चिमेला, तर उमरगा आणि लोहारा पूर्वेला, थेट कर्नाटकाच्या बाजूला. या टोकांच्या गावांतून जिल्ह्याच्या न्यायालयात यायचे म्हणजे अख्खा दिवस जातो. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे तिकीट लागते, त्यामुळे भाड्याचा भार हलका झाला. बुडालेल्या रोजंदारीला मात्र सवलत नाही. सोयाबीनच्या काढणीत किंवा ऊसतोडीच्या हंगामात पडलेली तारीख कुटुंबाला जड जाते. पुढची तारीख आणि दाव्याची स्थिती ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपवर सीएनआर क्रमांक टाकला की फुकट दिसते. न्यायाधीश रजेवर आहेत हे न्यायालयाच्या दारात जाऊन कळण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी वकिलाला फोन करून विचारावे.

पतीने राज्यातल्याच दूरच्या शहरात दावा टाकला असेल तर पत्नीला तो आपल्या जिल्ह्यात वर्ग करून मागता येतो. असे अर्ज उच्च न्यायालयात चालतात. तिथे पत्नीची गैरसोय, लहान मूल आणि प्रवासाचा खर्च यांना बरेच वजन दिले जाते. अर्जाचा खर्च एकदाच होतो, उलट दर तारखेचा प्रवास सुटतो. पुण्याच्या कुटुंब न्यायालयात दर महिन्याला जाऊन येणारीने हा हिशेब आधी मांडून पाहावा.

दावा कोणत्या प्रकारचा आहे यावर तारखांची संख्या ठरते, आणि तारखांवर खर्च. दोघांची संमती असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब चा मार्ग आहे. किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे, दोघांनी मिळून अर्ज द्यावा, नंतर सहा महिने थांबून, पण अठरा महिन्यांच्या आत, पुन्हा न्यायालयापुढे येऊन संमती कायम असल्याचे सांगावे. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा सहा महिन्यांचा काळ सक्तीचा नसल्याचे स्पष्ट केले. समेटाचे प्रयत्न संपले असतील, पोटगी, मुलांचा ताबा आणि देणीघेणी यांचा निवाडा झाला असेल, आणि वेगळे राहून पहिल्या अर्जाआधीच दीड वर्ष उलटले असेल, तर न्यायालय हा काळ माफ करू शकते. संमतीच्या दाव्यात हजेऱ्या थोड्या, साक्षी जवळपास नाहीत, म्हणून खर्चही थोडा.

एकाची संमती नसेल तर कलम १३ मधले कारण सिद्ध करावे लागते : क्रूरता, दोन वर्षांचा त्याग, व्यभिचार आणि असेच काही. मग समन्स, लेखी जबाब, मुद्दे, सरतपासाचे शपथपत्र, उलटतपास, युक्तिवाद, असा मोठा प्रवास असतो. अर्ज सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे कलम २१-ब सांगते. प्रत्यक्षात लढवलेले दावे वर्षानुवर्षे चालतात. म्हणून लढतीच्या दाव्यातही मध्यस्थीची संधी वाया घालवू नये. न्यायालयाने पाठवलेल्या मध्यस्थीला पक्षकाराला पैसे पडत नाहीत, आणि लढवलेला अर्ज मध्येच संमतीच्या अर्जात बदलता येतो. लोकअदालतीत पोटगी, मुलांच्या भेटी, दागिने परत देणे यांवर तडजोड होते. घटस्फोटाचा हुकूम मात्र न्यायालयच देते.

दावा चालेपर्यंतचा खर्च कुठून आणायचा, याचे उत्तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे, आणि या सगळ्या विषयातली ही सर्वांत उपयोगी तरतूद आहे. पती किंवा पत्नी, ज्याला स्वतंत्र पुरेसे उत्पन्न नाही, त्याला दुसऱ्याकडून दरमहा निर्वाहाची रक्कम आणि त्याबरोबरच दाव्याचा खर्च मागता येतो. अर्जाची नोटीस बजावल्यापासून शक्य तो साठ दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असे कलमातच म्हटले आहे. बऱ्याच अर्जांत निर्वाहाची रक्कम तेवढी मागितलेली असते, दाव्याच्या खर्चाचा उल्लेखच नसतो. वकिलाची फी, प्रवास, सोबतच्या माणसाचे भाडे, टायपिंग, नकला, यांचा साधा तपशील जोडून ही रक्कम वेगळी मागावी.

रक्कम ठरते दोघांच्या उत्पन्नावर, आणि शेतकऱ्याचे उत्पन्न पावतीवर दिसत नाही. ही अडचण रजनेश विरुद्ध नेहा या खटल्याने बरीच सोडवली. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात पोटगीवरून सुरू झालेले हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ४ नोव्हेंबर २०२० ला त्याचा निकाल लागला. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता, उत्पन्न आणि देणी शपथेवर जाहीर करावीत असे त्यात ठरले. निकालासोबत शपथपत्राचे नमुनेही दिले गेले, आणि त्यातला एक खास शेतकरी पक्षकारांसाठी आहे. जमीन किती व कुठे, कोरडवाहू की बागायत, हंगामी पीक की कायमचे, मागच्या तीन वर्षांत तिचे उत्पन्न किती, बटईने घेतली-दिली आहे का, जमिनीवर कर्ज किती, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या किती, हे सारे त्यात भरावे लागते. ज्या जिल्ह्याच्या जुन्या नावाची शेळी देशभर पाळली जाते आणि जिथे द्राक्षाच्या बागा कोरडवाहू सोयाबीनला लागून उभ्या आहेत, तिथे हा नमुना फार कामाचा ठरतो. ‘माझ्याकडे काहीच नाही’ असे सांगणाऱ्याच्या नावचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. शपथपत्र आणि सातबारा शेजारी ठेवले की पुष्कळ काही उघड होते. निर्वाहाची रक्कम अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हेही याच निकालाने पक्के केले. त्यामुळे तारखा लांबवून पैसे वाचवण्याचा मार्ग बंद झाला.

वकिलाची फी हा खर्चाचा सर्वांत अनिश्चित भाग. तिचा सरकारी दर नाही. अनुभव, तालुक्याचे ठिकाण आणि दाव्याचे स्वरूप पाहून ती ठरते. पूर्ण दाव्याची ठरली की दर तारखेची, पोटगीचा अर्ज त्यात धरला की नाही, अपिलाची वेगळी की तीच, हे पहिल्याच भेटीत विचारून कागदावर घ्यावे आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागावी. मिळणाऱ्या पोटगीत किंवा मालमत्तेत टक्का ठरवण्याला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांची मनाई आहे. असा प्रस्ताव आला तर नाकारावा.

वकील परवडतच नसेल तर तो मोफत मिळतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि अपंग व्यक्ती उत्पन्नाचा दाखला न देताही पात्र असते. इतर पुरुषांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि तालुक्याच्या न्यायालयांत तालुका विधी सेवा समिती. तिथे साधा अर्ज द्यावा लागतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. ही मदत वकिलापुरती नाही. कोर्ट फी, प्रोसेस फी, कागदपत्रे तयार करणे आणि नकला यांचा खर्चही त्यात धरलेला आहे. वर सांगितलेला, फीमाफीतून न सुटणारा किरकोळ खर्चही इथे भागतो. नेमून दिलेल्या वकिलाने वर पैसे मागितले तर त्याची तक्रार त्याच कार्यालयात करता येते.

खर्च टाळण्यासाठी घेतला जाणारा एक मार्ग मात्र घातक आहे. गावात चार माणसे बसवून बॉन्डवर सोडचिठ्ठी लिहायची, नोटरीचा शिक्का मारायचा आणि दोन्ही घरे मोकळी झाली असे मानायचे. हिंदू विवाह कायद्याखाली अशा कागदाने लग्न मोडत नाही. कलम २९ ने रूढीने चालत आलेला काडीमोड राखून ठेवला आहे खरा, पण त्या जातीत ती रूढी प्राचीन आणि अखंड आहे हे पुराव्याने सिद्ध करावे लागते, आणि न्यायालये ते सहज मान्य करत नाहीत. अशा कागदाच्या भरवशावर केलेले दुसरे लग्न बेकायदा ठरते, त्यातून द्विविवाहाचा गुन्हा उभा राहू शकतो, आणि दुसऱ्या पत्नीच्या वारसाहक्काचा प्रश्न वीस वर्षांनी सातबाऱ्यावर नाव चढवताना येतो. जातपंचायतीने आपला निवाडा न मानणाऱ्याला वाळीत टाकणे हा तर २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे.

दाव्यात मुद्दाम वेळ काढणाऱ्याला न्यायालय खर्चाचा दंड लावू शकते. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे एका पक्षाला सुनावणीच्या काळात तीनपेक्षा जास्त तहकुबी मिळू नयेत, आणि दिलेल्या तहकुबीचा खर्च दुसऱ्या पक्षाला देण्याचा हुकूम होऊ शकतो. कलम ३५-ब प्रमाणे हा खर्च भरल्याशिवाय त्या पक्षाला पुढे दावा किंवा बचाव चालवता येत नाही. लांबून आलेल्या पक्षकाराने तहकुबीच्या वेळी त्या दिवसाचे भाडे आणि बुडालेली मजुरी न्यायालयाला सांगावी. रकमा लहान असतात, पण त्या रोजनाम्यात नोंदल्या गेल्या की तहकुबीची सवय मोडते.

निकालाच्या वेळी एकूण खर्च कोणी सोसायचा हे न्यायालय ठरवते. कौटुंबिक दाव्यांत ‘ज्याचा खर्च त्याने सोसावा’ असा हुकूम वारंवार दिसतो. हा भाग मान्य नसला तरी फक्त खर्चाच्या मुद्द्यावर अपील करता येत नाही, असे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यावी असे कलम २३ सांगते. पुढे रेशनकार्ड, बँक, पासपोर्ट किंवा नव्या विवाहाची नोंदणी यांसाठी जास्त प्रती लागल्या तर त्या नक्कल विभागातून पानागणिक फी भरून मिळतात. हुकूमनाम्यावर अपिलाची मुदत नव्वद दिवसांची आहे. अपील झाले नाही आणि मुदत संपली, किंवा झालेले अपील फेटाळले गेले, की मगच कलम १५ प्रमाणे पुन्हा लग्न करता येते. निकाल वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांचा असेल तर अपील जिल्हा न्यायालयात जाते, म्हणजे जिल्ह्यातच राहते. कुटुंब न्यायालयाचा किंवा जिल्हा न्यायालयाचा असेल तर ते मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठात जाते, धाराशिवपासून दोनशे किलोमीटरहून जास्त अंतरावर. स्त्रीला अपिलावरही कोर्ट फी नाही, आणि उच्च न्यायालयातल्या वकिलासाठी तिथल्या विधी सेवा समितीकडे वेगळा अर्ज करावा लागतो.